रिकाम्या सीटवरचा नारळ

आमच्या गंगापूरच्या जीपवाल्यांचा एक दंडक आहे. कोरी गाडी पहिल्या खेपेला रिकामी न्यायची नाही. पॅसेंजर नसेल तर शेजारच्या सीटवर नारळ ठेवायचा. बावीस वर्षांत मी कुठलीच खेप रिकामी मारली नाही, आणि माझी लेक तनुजा संभाजीनगरच्या फ्लाइंग क्लबात विमान शिकते, तर तिथं म्हणे शेजारची सीट रिकामी ठेवून एकटीनं उडायचं! त्याला सोलो म्हणतात.

त्याआधी तोंडी परीक्षा असते. तनुजा त्यात एकदा नापास झाली होती. पुन्हा गडबडली असती तर सोलो थेट दिवाळीनंतर गेला असता.

मग मीच मास्तर झालो. तिनं प्रश्नोत्तरं मराठीत वहीत उतरवून दिली. ती माझ्याच जीपनं शहरात जायची, सकाळी गाडी भरेपर्यंत मी विचारायचो.

"उडाल्या उडाल्या इंजिन बंद पडलं तर?"

तनुजा तोंड उघडायच्या आत मागून मालनबाई ओरडायच्या, "समोरच उतरायचं, मागं वळायचं नाय!" मालनबाई रोज भाजी घेऊन शहरात जातात. महिनाभरात त्याही निम्म्या पायलट झाल्या.

"विमानात सुटं सामान?"

"ठेवायचं नाय. पायाखाली घरंगळलं की पेडल अडकतं," या वेळी तनुजा आधी बोलली.

हे मला लगेच पटलं. एकदा माझ्या ब्रेकखाली पाण्याची बाटली गेली होती. ती गोष्ट मी तिला दहादा तरी ऐकवली असेल.

तनुजा पास झाली. सोलोच्या दिवशी शिकवणाऱ्या सदफ मॅडमनी मलाही क्लबाच्या मैदानात आत घेतलं. आधी दोघी विमानातून एक चक्कर मारून आल्या. तनुजा पाणी प्यायला माझ्याकडं आली. मला लई भीती वाटत होती. बापाला वाटणारच, त्यात लाज कसली? तिची पाठ वळताच मी घरून आणलेला नारळ तिच्या नकाशांच्या बॅगेत सरकवला.

विमानात बसल्यावर तिनं एकेक गोष्ट तपासली. बॅगही उघडली. मग नारळ हातात धरून तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ये क्या है?" मॅडमनी विचारलं.

"सुटं सामान, मॅडम. खालीच राहील."

मॅडमनी नारळ माझ्या हातात आणून दिला. "साहेबराव, हा प्रश्न तिच्याकडून कोणी घोकून घेतला?"

"मीच."

"मग ती पास. तुम्ही नापास."

विमान धावलं, उठलं. मॅडम नसल्यानं ते हलकं होऊन लवकर उठतं, हेही वहीत होतं. तरी मी दचकून दोन पावलं पुढं गेलो. ती चक्कर मारून नीट उतरली तेव्हा मी रडलो, नारळ छातीशी धरून, चारचौघांत.

तिला क्लबात थांबायचं होतं. मी जीप काढली आणि शहरातल्या स्टँडवरून तशीच पुढं नेली. तिथं पॅसेंजर भरणारा कडुबा मागं धावला.

"अय साहेबराव! रिकामीच निघाला व्हय?"

"आज माझाबी सोलो हाय."

त्यानं खिडकीतून डोकावून बघितलं. शेजारच्या सीटवर नारळ होता, बेल्ट लावून.