नूरी घोडी आणि गप्प झालेला अमीन

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी घोडी आहे. माझं नाव नूरी. अमळनेरात बोरी नदीच्या अलीकडे, एका घराच्या मागच्या पत्र्याच्या तबेल्यात मी राहते. मला एकाच डोळ्यानं दिसतं. पुढचे दात झिजलेत, त्यामुळे हरभरा भिजवूनच द्यावा लागतो. पण ज्या माणसानं मला इथे आणलं, त्याची गोष्ट अजून कोणी नीट सांगितलेली नाही. ती मी सांगते.

माझा जन्म तापीकाठच्या एका खेड्यातला. दूध सुटल्यावर मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं केलं. थंडीचे दिवस होते. माणसं येत, माझे ओठ वर करून दात बघत, पाठीवर थाप मारत आणि पुढे जात. मग एक सडपातळ तरुण आला. त्यानं दात बघितले नाहीत. तो माझ्यासमोर उभा राहिला, तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि मी स्वतःहून येईपर्यंत थांबला. तोच अमीन.

अमीनच्या घरात लग्नाच्या घोड्या पाळण्याचा धंदा त्याच्या वडिलांपासून होता. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. मला घरी आणलं तेव्हा त्याची बायको सितारा दारातच उभी होती. मेंदीच्या हातानं तिनं मला पोळीचा तुकडा दिला आणि घाबरून लगेच हात मागे घेतला. घरात ती दोघं त्यांच्या बोलीत बोलत. मी तुम्हाला ते मराठीत सांगते.

ती वर्षं फार चांगली होती. अमीन सकाळी उठून मला खरारा करायचा, खूर साफ करायचा, अंगावर पाणी ओतायचा. त्यानं मला हलगीच्या ठेक्यावर पाय उचलायला शिकवलं. वरातीत नवरदेव माझ्यावर बसला की अमीन लगाम धरून माझ्या डाव्या बाजूनं चालायचा आणि सारखा माझ्याशी हळू आवाजात बोलायचा. बँड कितीही मोठा असो, मला त्याचाच आवाज ऐकू यायचा. फटाक्यांची लड पेटणार असं दिसलं की तो माझं तोंड आपल्या छातीकडे वळवायचा आणि डोळ्यावर हात ठेवायचा. चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत लोक म्हणायचे, घोडी लावायची तर अमीनची.

मंतशा, त्यांची एकुलती एक मुलगी, माझ्या पायांमध्ये खेळत मोठी झाली.

दारू कुठून आली ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. वरातीत नाचणारी माणसं थंड्याच्या बाटलीत मिसळून आणत. "घे रे घोडीवाल्या, एक घोट घे, दिवसभर उन्हात चालतोस." अमीन आधी नाही म्हणायचा. मग लग्नसराईच्या एका हंगामात तो नाही म्हणायचा थांबला. पुढे वरात नसतानाही तो पिऊ लागला. घरात आणता येत नव्हती, म्हणून तबेल्यात गवताच्या पेंढ्यांमागे बाटली असायची.

प्यायल्यावर त्याचा हात चालायचा. माझ्या मानेवर चाबकाचा एक वण आहे, तो त्याच दिवसांतला. सिताराच्या ओरडण्याचा आवाज मला भिंतीपलीकडून यायचा. मंतशा पळत येऊन माझ्या गव्हाणीखाली बसायची आणि कानांवर हात ठेवायची. तरीही एक सांगते. कितीही प्यायला असला, तरी फटाके फुटताना त्यानं माझ्या डोळ्यावर हात ठेवला नाही असं कधी झालं नाही.

सोनगीरच्या एका लग्नात नवरदेव खाली उतरला आणि अमीन रस्त्याच्या कडेला वाकला. त्याला रक्ताची उलटी झाली. वरातीतल्याच कोणीतरी गाडीत घालून त्याला धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. मला दोन दिवसांनी एका टेम्पोतून घरी आणलं.

तो परत आला तेव्हा अर्धा झाला होता. सितारा शेजारच्या लताबाईंना सांगत होती, "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिव्हर खराब झालंय. पोटातल्या नसा फुगल्यात. आता एक थेंब जरी घेतला तरी संपलं. गोळ्या रोज घ्यायच्या आणि दर महिन्याला दाखवायला यायचं."

अमीननं दारू सोडली. मित्रांनो, हे खरं आहे आणि हे सोपं नव्हतं. त्याचे हात इतके थरथरत की खोगिराचा पट्टा बांधता येत नसे. त्याला झोप लागायची नाही. तो येऊन माझ्या मानेला कपाळ टेकवून उभा राहायचा. एकदा त्याची बोटं त्या वणावर थांबली आणि तो रडला. सिताराजवळही त्यानं मन मोकळं केलं. "आतून कोणीतरी खरवडतंय असं वाटतं. बसवत नाही, उठवत नाही. वरातीत तो वास आला की जीव वर येतो." सितारा म्हणाली, "अल्ला सब्र देईल. थोडे दिवस जाऊ द्या." तिच्याजवळ दुसरं काय होतं सांगायला?

पण त्या दिवसांत तो जागा होता. चिडायचा, थरथरायचा, पण माझी बादली कधी रिकामी राहिली नाही. औषधं घ्यायचा. धुळ्यालाही जाऊन आला.

मग एके दुपारी वना आला. वना बाजार समितीत हमाली करायचा. अमीनचा लहानपणापासूनचा दोस्त. मित्राचे हाल त्याला बघवत नव्हते. त्यानं खिशातून एक पुडी काढली.

अमीन दचकला. "हे नको वना. लग्नानंतर मी सोडलं ते."

"आरे, दारूनं तुले मारीच टाकं व्हतं," वना म्हणाला. "हाऊ झाडपाला शे. यानामा लिव्हरले काही व्हत नही. लगीन व्हवानं पहिले आपन दोन्हीजन वढतच व्हतूत ना? तवय काय झायं?"

"काही नाही झालं," अमीन म्हणाला.

"मंग? झोप तरी लागी तुले."

रेल्वे फाटकामागे बसून दोघं पोरं गांजा ओढत, हसत, कैऱ्या खात, त्या आठवणी निघाल्या. अमीन कितीतरी दिवसांनी हसला. धूर वर पत्र्याकडे गेला. मी फुरफुरले, मला तो वास आवडला नाही. पण त्याचे हात थरथरायचे थांबले, हेही मी बघितलं.

सिताराला वासावरून कळलं. ती तबेल्याच्या दारात उभी राहिली. "हे काय?"

"दारू नाही ही," अमीन म्हणाला. "तुझ्या गळ्याची शपथ, दारूला हात लावणार नाही. एवढं राहू दे मला."

सितारानं पायानं राख बाजूला सारली. मग म्हणाली, "घरात नाही. मंतशासमोर नाही. इथेच." ती वळली आणि गेली. नंतर लताबाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हेही चांगलं नाही, मला कळतं. पण हात उचलत नाहीत. ओरडत नाहीत. किती वर्षांनी माझ्या घरात शांतता आहे, तुम्हाला काय सांगू."

शांतता खरंच होती. मोहल्ल्यात लोक म्हणू लागले, अमीन सुधारला. तो कोणाशी भांडेना. सगळ्यांकडे बघून मंद हसायचा. मंतशाचं लग्न बोदवडला ठरलं. लग्नाच्या दिवशी अमीन स्वच्छ कपड्यांत, शांतपणे उभा होता, आणि पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं. निघताना मंतशा माझ्याजवळ आली, माझ्या तोंडाला तोंड लावून रडली. मग बापाच्या गळ्यात पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी गेली, धूळ बसली, मांडवातल्या खुर्च्या उचलायला सुरुवात झाली. तेव्हा त्यानं माझ्याकडे वळून विचारलं,

"गेली का ती?"

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

आधी फक्त दुपारी असलेला धूर आता सकाळपासून सुरू झाला. तो मला मारत नव्हता. तो मला विसरत होता. बादली कोरडी राहायची. एका पायाचा नाल सैल होऊन खडखडत होता, तो ऐकायचा आणि पुन्हा ऐकायचा, पण नालवाल्याकडे न्यायचा नाही. कोनाड्यातल्या गोळ्यांवर धूळ बसली. सितारा म्हणायची, "धुळ्याला जायचंय ना? तारीख निघून गेली." तो म्हणायचा, "दारू तर सोडली. आता डॉक्टर कशाला? पुढच्या आठवड्यात जाऊ." त्याला आता गोड खायची फार इच्छा व्हायची. काही महिन्यांत त्याचं पोट पुढे आलं. लोक म्हणाले, "अमीनभाऊ, तब्येत चांगली झाली हो तुमची!" त्याचे हातपाय मात्र काड्यांसारखे बारीक झाले होते. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. डोळ्यांतला पिवळेपणाही कोणी बघितला नाही, कारण तो डोळे अर्धे मिटूनच असायचा.

उन्हाळ्यातल्या एका वरातीत माझा डोळा गेला. गल्ली अरुंद होती. पोरांनी फटाक्यांची लड माझ्या समोरच पसरली. मी मान अमीनकडे वळवली. तो माझ्या डाव्या बाजूलाच होता, लगाम त्याच्या हातात होता. तो विजेच्या तारेवर बसलेल्या पाखरांकडे बघत होता. मी त्याला नाकानं ढकललं. त्यानं माझी मान थोपटली आणि पुन्हा वर बघितलं. मग लड पेटली.

नवरदेव वेळेवर उतरला म्हणून वाचला. मी दोन पायांवर उभी राहिले, तेव्हा माझ्या डोळ्यात जाळ होता. लोकांनी अमीनला धक्काबुक्की केली. तो हात जोडून म्हणत होता, "दिसलं नाही हो मला. खरंच दिसलं नाही." जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा धुतला, औषध घातलं, पण तो वाचला नाही.

एका डोळ्याच्या घोडीवर नवरदेवाला कोण बसवेल? माझं काम बंद झालं. सितारा शेंगदाणे निवडायला एका कारखान्यात जाऊ लागली. दिवसभर घरी फक्त अमीन आणि मी. तो भिंतीला टेकून बसायचा, मी खुंट्याला बांधलेली. असे आमचे कितीतरी दिवस गेले.

त्या सकाळी सितारा चहा घेऊन तबेल्यात आली. अमीन भिंतीला टेकून बसला होता, मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले. "चहा ठेवलाय," ती म्हणाली. तो काही बोलला नाही. रोजही बोलायचा नाही. ती कामावर गेली.

चहावर साय धरली. ऊन पत्र्यावर आलं. थोड्या वेळानं अमीन उठायचा प्रयत्न करत घसरला आणि पेंढ्यावर आडवा झाला. त्याला दोनदा उलटी झाली. गवत लाल झालं. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, पण आवाज आला नाही.

लोक नंतर म्हणाले, मुकं जनावर, पण त्याला कळलं बघा. मित्रांनो, मला काही कळलं नव्हतं. मला तहान लागली होती. आदल्या दिवसापासून बादली रिकामी होती. मी तहानेनं खिंकाळत पत्र्यावर लाथा मारत होते.

शेवटी लताबाई चिडून आल्या. "अमीनभाऊ, घोडीले पानी पाजं का नही आज? कितली वरडी राहिनी ती!" मग त्यांची नजर खाली गेली आणि त्या किंचाळल्या.

रिक्षा आली, माणसं आली, त्याला धुळ्याला नेलं. संध्याकाळी परत आणलं ते पांढऱ्या चादरीत. आतल्या फुगलेल्या नसा फुटल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं म्हणे, "इतके महिने हे होते कुठे?"

दफन झाल्यावर वना तबेल्याच्या दाराशी येऊन बसला. एवढा मोठा हमाल, पण लहान पोरासारखा रडत होता. सितारा आतून आली. तो वर न बघता म्हणाला, "मी त्याले वाचाडाले गयथू, वैनी. तुन्ही आन, वाचाडाले गयथू."

"मीही वाचवायलाच गेले होते," सितारा म्हणाली.

ती दारापाशीच खाली बसली. मग सितारा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "मी बघितलं होतं त्यांना सकाळी. दारातून बघितलं. मला वाटलं, नेहमीसारखेच बसलेत."

मंतशानं आईला बोदवडला चल म्हणून सांगितलं. सितारा गेली नाही. ती अजून शेंगदाणे निवडायला जाते. मला विकायला काढलं नाही, कारण मला घेणार तरी कोण?

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, जे खूप त्रास देत होतं आणि आता एकदम गप्प झालं आहे. कोणाला त्रास देत नाही, कोपऱ्यात बसून राहतं. सगळे म्हणत असतील, बरं झालं बाई, सुटलो. तुम्ही तसं म्हणू नका. एक नशा सोडून दुसरी धरलेलं माणूस अजून आजारीच असतं, फक्त आता ते ओरडून सांगत नाही. त्याच्याजवळ जा. दारातून बघू नका, आत जा. त्याच्या तोंडाकडे बघा, त्याचं नाव घेऊन हाक मारा. उत्तर आलं नाही, तर पुन्हा मारा. आणि तरीही आलं नाही, तर मोठ्यांचा हात धरून ओढत तिथे घेऊन या. ते रागावतील. रागावू द्या.