समन्वय खात्याचा माळ

बिभीषण शिंगाडे आमदार झाला तेव्हा देवगाव रंगारीच्या पारावर म्हातारी माणसं म्हणाली, "नाव बिभीषण, आन् निवडून आला अपक्ष! आता लंका कुणाची जळती तेवढं बघायचं." पार हसला, बिभीषणही हसला. त्याला लंकेशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला माळ हवा होता.

माळ म्हणजे गावाच्या उत्तर अंगाचं गायरान. कुसळाचं गवत, विरळ बाभळी, मधोमध एक उथळ पाणवठा. भोवतालच्या रानांना कुंपणं पडली, प्लॉट पडले, आणि धनगरांच्या मेंढरांना तोंड टाकायला तेवढाच एक तुकडा उरला. अर्ज भरायला निघताना बिभीषणनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं, तेव्हा राजाबाई म्हणाली होती, "लेका, मला साडी नको, बंगला नको. तेवढा माळ मोकळा ऱ्हाऊ दे."

मुंबईत तेव्हा तीन पक्षांचं सरकार बसत होतं. तीन भावांनी एक चूल मांडावी आणि मीठ मात्र ज्यानं त्यानं आपापल्या खिशात ठेवावं, तसं ते सरकार. शपथविधीच्या फोटोत सगळे समाज दिसत होते, मेंढरांमागं फिरणारा तेवढा कुणी दिसेना. थोरल्या पक्षानं मधल्याकडं पाहिलं, मधल्यानं धाकट्याकडं, आणि तिघांनी मिळून बिभीषणला राज्यमंत्री केलं. खातं दिलं समन्वय.

समन्वय खात्याला दालन नव्हतं. थोरले म्हणत, दालन मधल्यांच्या वाट्यातून द्यायचं ठरलंय. मधले म्हणत, धाकट्यांच्या. धाकटे म्हणत, "भाऊ, समन्वयाला भिंती कशाला?" मग जिन्याखाली एक टेबल लागलं. टेबलावर फाईल कधी आली नाही; वरून जाणाऱ्यांच्या बुटांची धूळ तेवढी नेमानं आली.

काम मात्र भरपूर होतं. कुठंही व्यासपीठ उभं राहिलं की बिभीषणला डाव्या बाजूला उभं करायचे. डोक्याला पिवळा फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. वैशाखाचं ऊन असो, घोंगडी हवीच. स्वीय सहायक ऋतुराज मागून कुजबुजायचा, "साहेब, काठी दुसऱ्या हातात. या हातात कोकरू द्यायचंय." प्रत्येक सत्कारात एक कोकरू मिळे आणि फोटो झाला की परत जाई. घोंगड्या मात्र परत जात नसत. जिल्ह्याच्या शहरात, मुकुंदवाडीला, त्याच्या दोन खोल्यांत त्यांची थप्पी छताला टेकली, आणि बायको ज्ञानेश्वरी म्हणाली, "अहो, आता एखादी चादर द्या म्हणावं."

गावी राजाबाई मेंढरांमागं चालता चालता गायची:

लेकाला गं माझ्या बाई, सरकारानं दिलं खातं,
दाण्यावाचून फिरतंया, घरघर रिकामं जातं.

बिभीषणच्या कानावर हे आलं. त्याला राग आला नाही. उभं राहायचं, दिसायचं, आणि एक दिवस हळूच माळाचं काम करून घ्यायचं, असा त्याचा हिशेब होता. त्या एका दिवसाची वाट बघत तो घामानं निथळत उभा राहत होता.

तो दिवस आला तो पेपरातून. सरकारनं मेंढपाळ समाजाचा सन्मान म्हणून शंभर फुटी मेंढपाळाचा पुतळा उभारायचं ठरवलं होतं. जागा: देवगाव रंगारीचा माळ. भोवती दगडी भिंत, आत बाग, दारावर तिकीट, आणि एक पाटी लागणार होती, 'जनावरांना प्रवेश नाही.'

बिभीषण धावत विश्रामगृहावर गेला. तिघं नेते नान-खलिया खात बसले होते.

"सन्मान डोक्यावर, साहेब. पण मेंढरं चरायची कुठं?"

"अरे, पुतळ्याच्या पायाशी पितळेची मेंढरं आहेत की," थोरले म्हणाले.

"ती चरत नाहीत."

"म्हणून तर देखभाल सोपी!" मधल्यांनी हाडूक चोखत सांगितलं.

धाकट्यांनी त्याला जवळ बसवलं. "भाऊ, उगं वाकड्यात शिरू नका. मंत्रिपद तुमच्या समाजाचं आहे. तुम्ही विरोध केला तर पद जाईल, आन् लोक म्हणतील, धनगराच्या पोरानंच धनगराचा पुतळा अडवला. आपल्याला वाईट वाटंल हो."

शिवाय त्याला आयुष्यातलं पहिलं सरकारी काम मिळालं. पुतळ्याचं तोंड थोरल्यांना शहराकडं हवं होतं, मधल्यांना कन्नडकडं, धाकट्यांना लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या वाटेकडं, कारण पर्यटक तिकडून येतात. ज्याच्या मतदारसंघाकडं पाठ होईल, तो सरकारातून बाहेर पडणार होता. चार बैठकांनंतर ठरलं, पुतळा फिरता करायचा. चार-चार महिने एकेकाकडं तोंड. पहिले चार महिने कुणाचे, याचा समन्वय बिभीषणनं साधायचा.

आणि नमुना म्हणूनही तोच. मूर्तिकारानं त्याला स्टुलावर चढवलं. पायाला मुंग्या आल्या, मान अवघडली. "साब, जरा गर्दन उठाओ," मूर्तिकार म्हणाला, "मेंढरं दूरवर चरतायत, असं बघा."

बिभीषणनं दूरवर बघितलं. समोर भिंत होती.

भूमिपूजनाच्या दिवशी माळावर मांडव पडला. कमानी तीन. प्रत्येक कमानीवर एकेका नेत्याचा हसरा चेहरा आणि खाली मजकूर एकच: 'ही जागा आम्ही मिळवून दिली!' मुहूर्त दुपारचा होता. गाड्यांचा ताफा धुरळा उडवत आला, नेते उतरले, आणि जागच्या जागी थबकले.

चुन्यानं आखलेल्या चौकोनात मेंढरं बसली होती. पार काठोकाठ. चौकोनाच्या मधोमध, पूजेच्या खड्ड्याशेजारी, राजाबाई काठी आडवी टाकून तंबाखू मळत होती.

पोलिसांनी हाकलून पाहिलं. एक मेंढी उठवावी, तर ती मांडवाला वळसा घालून पुन्हा आपल्या जागी येऊन बसे. एका हवालदारानं एक मेंढा उचलला. मेंढ्यानं त्यालाच खाली बसवलं.

"आजी, उठवा की!" फौजदार हात जोडून म्हणाले.

"उठवते ना. आमची रीत हाय बाबा," राजाबाई म्हणाली. "ज्याच्या रानात मेंढरं बसली, त्याला खत मिळतं. त्यानं पदरात धान्य घालायचं आन् 'उठीव' म्हनायचं. मग उठवायची. धनी कोन हाय रानाचा? बोलवा त्याला."

इतक्यात टीव्हीच्या बाईनं माइक पुढं केला. "साहेब, ही जागा नक्की कुणाच्या ताब्यात आहे?"

सकाळपर्यंत तिघांचीही असलेली जागा एका क्षणात पोरकी झाली. 'माझी' म्हणावं, तर म्हातारीला उठवणारा तोच ठरणार. माळावर वर्षानुवर्षं मेंढरं कशी चरली, याचा जाबही त्यालाच द्यावा लागणार.

"महसूल आमच्याकडं आहे," थोरले घसा खाकरून म्हणाले, "पण जागा वनखात्याची."

"वन आमच्याकडं," मधले झटकन म्हणाले, "पण आम्ही ती पर्यटनाला दिली."

"पर्यटन आमचंच," धाकटे म्हणाले, आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला, "पण... तिघांच्या मधोमध जे असतं, ते समन्वयाचं असतं!"

"बरोबर! समन्वयाचंच!" थोरले ओरडले.

"शंभर टक्के समन्वयाचं!" मधल्यांनी टाळी दिली.

सरकार बसल्यापासून तिघांचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं. तेही कॅमेऱ्यासमोर.

व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात बिभीषण घोंगडीत उकडत उभा होता. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. कुणीतरी माइक त्याच्या हातात कोंबला. ऋतुराज कानाशी आला, "साहेब, 'उठीव' म्हणा. एक शब्द. पुढच्या खेपेला कॅबिनेट नक्की."

राजाबाई उठून पुढं आली. तिनं त्याला बिभ्या म्हटलं नाही, लेका म्हटलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "मंत्रीसाहेब, रान तुमचं हाय म्हंत्यात. व्हय का नाय?"

गाडी गेली, टेबल गेलं, जिन्याखालची ती सावलीही गेली, हे बिभीषणला बोलण्याआधीच दिसत होतं. त्यानं खाली बघितलं. एक गाभण मेंढी डोळे मिटून रवंथ करत होती, जणू सरकार कुठलंही असो, तिला वेळ होता.

"व्हय," तो म्हणाला. "माझ्या खात्याचं रान हाय. तिघांनी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. आता माझ्या खात्याचा हुकूम ऐका. मेंढरं उठायची नाहीत. आज नाय, उद्या नाय. माळ चरायला ऱ्हाईल."

मग त्यानं घोंगडी उतरवली, पूजेच्या ताटातले ओंजळभर गहू उचलले आणि आईच्या पदरात घातले. तिनं पदर कमरेला खोचला, आणि चेहरा दुसरीकडं फिरवून बराच वेळ उगाच मेंढरं मोजत राहिली.

मुहूर्त टळला. दिवस मावळायच्या आत ऋतुराजचा फोन आला. "साहेब, तुमचं खातंच बरखास्त केलं."

"बरं. आन् माळ?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "माळ खात्याच्या नावावर आहे, साहेब. तिघांनीच तसं जाहीर केलंय. आता खातंच नाही, म्हणजे... तो कुणाकडं वर्ग करायचा, हे तिघांनी एकमतानं ठरवावं लागेल."

ते एकमत अजून झालेलं नाही. बैठका होतात, चहा होतो. थोरल्यांना भीती, माळ मधले लाटतील; मधल्यांना धाकट्यांची; धाकट्यांना दोघांची. म्हणून तिघांनी आपापला एकेक माणूस माळावर राखणीला बसवलाय. तिघं एकमेकांवर नजर ठेवून दिवसभर बाभळीखाली बसतात. आधी वेगवेगळ्या बाभळी होत्या. मग एकाचा डबा दुसऱ्यानं चाखला, दुसऱ्याचं पाणी तिसरा प्यायला. राजाबाईची भाकरी आणि ठेचा आता तिघंही एकाच फडक्यावर खातात.

बिभीषण आमदार आहेच, पण पुन्हा मेंढरांमागं चालतो. माजी मंत्री म्हणून कुणी हार घेऊन आलंच, तर हार मेंढरं खातात.

परवा कळपातली दोन मेंढरं फुटून शेजारच्या ज्वारीकडं निघाली. बिभीषण लांब होता. राजाबाईनं बाभळीखाली बघितलं आणि हाळी दिली, "ए मधल्या पक्षाच्या! झोपलास का रं? वळीव तिकडून, पिकात घुसत्याल!"

आणि तो मुकाट्यानं उठला, चप्पल न घालताच धावत गेला, आणि 'हर्रर्र' करत दोन्ही मेंढरं वळवून घेऊन आला.