बिभीषणचे एकशे ऐंशी दिवस

मित्रांनो, वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर सात वर्षं भिंतीला खिळलेलं मी एक जुनं अंगठ्याचं मशीन आहे. माझी काच ग्रीसच्या बोटांनी धुरकट झाली आहे. मी आलो तेव्हा कामगारांनी नारळ फोडला होता. त्याआधी हजेरीच्या वहीत वाटेल तशी खाडाखोड व्हायची. कामगारांतले जुने फारूखभाई म्हणाले होते, "हे कुणाच्या बापाचं ऐकणार नाय." मी फुगून गेलो होतो.

बजाजनगरहून येणारा बिभीषण कंत्राटदाराचा माणूस. त्याची बायको शालू बाळंतपणासाठी वैजापूरला गेली होती. नव्या कायद्यानं वर्षात एकशे ऐंशी दिवस काम भरलं की भरपगारी रजा मिळते. आधी दोनशे चाळीस लागायचे. वीस दिवसांमागं एक, म्हणजे बिभीषणच्या नऊ.

"मी जल्मलो तवा बाप मेंढरामागं रानात होता," तो सांगायचा. "म्या नाय तसं करणार."

"जा बाबा," फारूखभाई म्हणायचे. "तू नसला तर कारखान्याला लई बरं वाटंल."

एकशे शहात्तराव्या दिवशी सुटताना सुपरवायझर अभय म्हणाला, "मशीन अपडेट करायचंय, परत अंगठे द्या." बिभीषणनं अंगठा पॅन्टला पुसून दिला. अभयनं जुना नंबर भरलेल्या दिवसांसकट उडवला आणि त्याच अंगठ्याला नवा चिकटवला. पूर्वी दिवस भरत आले की कामगाराला घरी बसवायचे, त्याला 'ब्रेक' म्हणायचे. आता तेवढीही तसदी नको. मी होतो ना.

चार दिवस भरून बिभीषण अर्ज घेऊन आला. अभयनं माझ्या पडद्यावर बोट ठेवलं.

"तुझे दिवस चार."

"साहेब, जानेवारीपासून हितंच हाय मी."

"मग मशीनला विचार."

पत्र्यानं कापलेला त्याचा अंगठा मला तोंडपाठ होता. पण मालक भरेल तेवढंच मी बोलतो.

"तू बी त्यांचंच निघालं व्हय," बिभीषण मला म्हणाला. "बिनपगारी तरी सोडा, साहेब."

"जा की. पण परत येऊ नको."

तो गेला नाही. नव्या नंबराच्या पाचव्या दिवशी शालूला मुलगी झाली, तेव्हा तो पत्रा दाबायच्या प्रेसवर होता.

मित्रांनो, माझी निगा राखा म्हणायला मला तोंड उरलं नाही. घरी एवढंच सांगा, कुणी दुसऱ्यांदा अंगठा मागितला तर कशाला ते विचारा. आणि सगळ्यांनी मिळून विचारा. परत अंगठे घेतले त्या दिवशी बिभीषणमागं रांगेत चाळीस माणसं उभी होती, फारूखभाईसुद्धा. एकानंही तोंड उघडलं नाही.