विषाणू नसलेली तबकडी

पणजीने लसूण पिकवला, आजीने तो टोपलीत घालून दारोदार विकला, आईने त्याचा अर्क बाटल्यांत भरून दुकान थाटले. आणि या तिघींची लेक प्रयोगशाळेत तोच अर्क विषाणूंवर घालून पाहू लागली. अंगाला वास असा, की जेवणाच्या सुटीत तिच्या शेजारची खुर्ची कायम मोकळी.

पेशी वाढवायच्या काचेच्या तबकड्यांत अर्काने विषाणू पार नाहीसे झाले होते. आईचा रोज फोन.

"अगं, 'विषाणूंवर रामबाण' अशी लेबलं छापायला टाकू ना?"

"थांब जरा, आई."

"किती थांबू? नातवंडांच्या लग्नात विकू का बाटल्या?"

लेकीच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. एक तबकडी लावायचीच राहिली होती: पेशी आणि अर्क, विषाणू नाही. अहवालाच्या बैठकीच्या दोन दिवस आधी तिने ती लावली. त्यानंतर हातात काम टिकेना. सहा वेळा इनक्युबेटर उघडून झाला. सातव्यांदा पाहते, तर पेशी मेलेल्या. विषाणू वाढतो तो जिवंत पेशींत. घरच जाळले, तर भाडेकरू राहणार कुठे?

बैठकीत प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तबकडी उजेडात धरली.

"पेशीच आजारी असणार. काकांनी वाढवल्यात ना? मागेही यांनीच इनक्युबेटरचं दार उघडं टाकून सगळ्यांच्या पेशी घालवल्या. आता यांना घरीच बसवू, आणि ही तबकडी वगळून अहवाल पाठवू."

काका, प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ, चष्मा पुसत राहिले. ते दार उघडे टाकले होते लेकीने, सात वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. "माझ्या हातून झालं," म्हणून काकांनी तिला वाचवले होते, आणि स्वतःची बढती घालवली होती.

नुसती मान हलवली असती, तरी तिचा शोध वाचला असता. ती उभी राहिली.

"बाई, पेशी ठणठणीत होत्या. त्याच खेपेतल्या, अर्क न घातलेल्या अजून जिवंत आहेत. माझा अर्कच जहाल होता. पातळ करून सगळं पुन्हा करावं लागेल. लसणात गुण असेलही. मी तो अजून सिद्ध केलेला नाही."

"पोरी, बस खाली," काका पुटपुटले.

"नाही काका. बाई, ते दारही मीच उघडं टाकलं होतं. लेखी देते."

बाईंनी तबकडी खाली ठेवली. मग काकांची फाइल मागवली, चुकीच्या नोंदीतले काकांचे नाव खोडले आणि तिथे तिचे लिहिले. अडलेल्या बढतीच्या कागदावर त्यांनी सही केली, तेव्हा कुठे तिचे सात वर्षांचे ऋण पुरते फिटले.