साक्षीचं लायसन

साक्षी मेश्राम आठ वर्षांची असताना रायपूरच्या त्यांच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला खेटून, एक यान उतरलं. त्यातून हिरवट अंगाचा सेनापती बाहेर आला. आकाशगंगेला लुटारू टोळ्यांपासून वाचवणारी वीरांगना हीच, असं त्याने जाहीर केलं.

साक्षीचे वडील गौतमराव रेल्वेत गार्ड, नियमाला चिकटून चालणारा माणूस. त्यांनी सेनापतीला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "हे चालवन कोन?"

"यही चलाएगी, अंकल." सेनापती इथली हिंदी वाटेतच शिकून आला होता.

"अठरा झाल्याबिगर? लायसन नाही, काही नाही. चालान कोन भरन?"

एवढं बोलून त्यांनी प्रवासात ट्रंक बांधायची साखळी आणली, यानाचा पाय टाकीच्या खांबाला बांधला आणि कुलपाची किल्ली करदोट्याला अडकवली.

खरं तर लायसन हे निमित्त होतं. एकुलती एक पोरगी त्या अंधारात पाठवायची, याचीच त्यांना भीती वाटायची. पण तसं सांगितलं की बाप भित्रा ठरतो, नियम सांगितला की कोणी वाद घालत नाही.

वर्षं गेली. सेनापती अधूनमधून यायचा, शनीच्या पलीकडचा कोणता तळ आज लुटारूंच्या हाती गेला ते सांगून रडायचा आणि पोहे खाऊन जायचा. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका त्याला भैया म्हणू लागल्या, पंडरीच्या बाजारात कापड घ्यायला जाताना पिशव्या धरायला नेऊ लागल्या. साक्षीची आई चेतना यानावर कुरडया वाळत घालायची. साक्षी मात्र उल्का चपलेने पाडायला शिकली आणि दहावीला गणितात काठावर पास झाली.

अठरा पूर्ण झाल्यावर गौतमरावांनीच तिला नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यांवर स्कूटी शिकवली. मागे धावता धावता आपण हे काय करून बसलो, असं त्यांना रोज वाटे.

लायसन आलं त्या सकाळी सेनापती गणवेशाला इस्त्री करून हजर झाला. गौतमरावांनी किल्ली फिरवली, पण कुलूप गंजलेलं होतं. त्यांना इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

"जंग लागला याले. उद्या तेल टाकून पाहू."

सेनापती कपाळाला हात लावून टाकीखाली बसला. साक्षीने वाकून खांबामागून साखळी ओढली, तर ती सगळीच्या सगळी तिच्या हातात आली. मागची कडी केव्हाची तुटलेली होती.

"कवापासून तुटली हे?" गौतमरावांनी विचारलं.

"मी सातवीत होती, तवापासून."

"तुले मालूम होतं? मंग गेली काहून नाही?"

"लायसन नव्हतं ना, बाबा."

गौतमराव खाली गेले. आता हा माणूस आणखी एखादा नियम काढणार, असं सेनापती धरूनच चालला होता. पण ते स्कूटीचं हेल्मेट घेऊन वर आले आणि त्यांनी ते पोरीच्या डोक्यावर नीट बसवलं. हनुवटीखालचा पट्टा लावायला मात्र त्यांना फार वेळ लागला.