बाबांच्या खोलीतली रेंज

काही माणसं पायाला भिंगरी बांधूनच जन्माला येतात, त्यांतलीच ही. घरात सगळे तिला एक्सप्रेस म्हणत. नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबा जन्मभर रेल्वे स्टेशनवर घोषणा देत होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, किती उशिरा, हे अख्ख्या स्टेशनाला त्यांच्या तोंडून कळायचं. गाडी लेट आहे हेसुद्धा असं सांगायचे की चिडलेला माणूस मुकाट्यानं बाकावर जाऊन बसायचा. आणि त्यांची पोटची पोर अशी, की लिफ्टचं बटण दाबून जिन्यानं निघून जाणारी!

तो आवाजच गेला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवी बाजू लुळी पडली आणि शब्द आतल्या आत अडकून बसले. कळायचं सगळं, ओठांवर यायचं नाही. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की पहिले काही महिने फार मोलाचे, जे परत यायचं ते बरंचसं आत्ताच येईल, सरावात खंड पडू देऊ नका. ती बाबांना आपल्या घरी घेऊन आली. बोलण्याचा सराव घेणाऱ्या मॅडम दुसऱ्या शहरात, म्हणून सगळं व्हिडिओवर. मॅडम टॅबलेटवर एकेक चित्र दाखवायच्या आणि बाबांनी त्याचं नाव सांगायचं.

इथेच माशी शिंकली. बाबांची खोली घराच्या पार टोकाला, कारण बाथरूम तिथून जवळ. राउटर हॉलमध्ये, चपलांच्या कपाटामागे जमिनीवर. मध्ये दोन जाड भिंती. मॅडम छत्रीचं चित्र वर धरायच्या आणि छत्रीसकट गोठायच्या. आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा. आधीच बाबांचे शब्द तुटके, त्यात मॅडमचेही तुटके, मग कोण कोणाला शिकवणार?

एक्सप्रेस सुटली. राउटर कपाटाच्या वर चढला. त्याच्या दांड्या उभ्या झाल्या, आडव्या झाल्या, पुन्हा उभ्या झाल्या. रेंज अडवतो म्हणून शेजारचा मोठा आरसा बेडरूममध्ये गेला. सरावाच्या वेळी मायक्रोवेव्ह लावायला बंदी आली. नवऱ्यानं एकदा विसरून चहा गरम करायला ठेवला, तर ही आतून ओरडली, "बंद कर ते आधी! बाबांचा शब्द जाईल!" तो बिचारा कोमट चहा पीत बसला. शेवटी तिनं एक्स्टेंडर आणला. राउटरची रेंज पकडून पुढच्या खोलीत पोचवणारी छोटी डबी ती. बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, खाली, जमिनीलगतच्या बोर्डवर ती बसली आणि काय सांगू, चित्र आरशासारखं लख्ख! मॅडमच्या कानातले डूलसुद्धा दिसायला लागले.

हे सुख जेमतेम आठवडाभर टिकलं. मग पुन्हा तेच. सराव रंगात यायचा आणि फट्! मॅडम गायब. एक्सप्रेस धावत हॉलमध्ये जायची, राउटर बंद करायची, मनातल्या मनात कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, पुन्हा चालू करायची. परत येऊन बघते तो मॅडम हजर. म्हणजे उपाय लागू पडत होता. फक्त रोग काही जात नव्हता.

"एवढी धावतेस, त्यापेक्षा राउटरच्या शेजारीच खुर्ची टाक की," नवरा म्हणाला.

"आणि बाबांजवळ कोण बसणार? तू?"

तिला बाबांजवळ बसायचंच असायचं. मॅडम किल्ली दाखवायच्या. बाबांचे ओठ जुळायचे, कपाळावर शीर उभी राहायची, "कि... कि..." आणि हिला राहवायचंच नाही. "किल्ली, बाबा! किल्ली!" बाबा मान हलवायचे. मॅडम म्हणायच्या, "ताई, त्यांना थोडा वेळ द्या हं." ही म्हणायची, "हो हो, अगदी," आणि पुढच्या चित्राला तेच. वाईट हेतू नव्हता हो. ज्या माणसानं हजारो गावांची नावं घडाघडा उच्चारली, त्यानं एका किल्लीसाठी इतकं झटावं, हे तिला बघवत नव्हतं.

एक दिवस मॅडमनीच सुनावलं. "असं सारखं तुटत राहिलं तर काही उपयोग नाही. माझ्याकडे बरेच पेशंट थांबलेत. या आठवड्यात सुधारलं नाही तर ही वेळ मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. दुसऱ्या मॅडम शोधायला वेळ कुठे होता? महिने तर हातातून वाळूसारखे चालले होते. तिनं इंटरनेट कंपनीला इतके फोन केले की तिकडची मुलगी तिचा आवाज ओळखायला लागली. अखेर तंत्रज्ञ आला. हॉलमध्ये तपासलं, बाबांच्या खोलीत तपासलं, फोन पुढे धरून आकडा दाखवला. "मॅडम, स्पीड एकदम फर्स्ट क्लास आहे."

"आत्ता आहे! सरावाच्या वेळी जातो!"

"रोज?"

"रोज. आणि मी इथे बसून ऑफिसचं काम करते तेव्हा मात्र जात नाही. माझ्याच बाबांशी याचं काय वैर आहे, तेच कळत नाही."

त्यानं डोकं खाजवलं. "असं करा, पुढच्या वेळी गेलं की राउटरकडे पळू नका. आधी या डबीचा हिरवा दिवा बघा. दिवा असेल तर दोष आमचा, नसेल तर तुमच्या वायरिंगचा." एवढं सांगून तो गेला. बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांनी खिडकीबाहेर नजर लावली होती.

दुसऱ्या दिवशी सराव सुरू झाला. मॅडमनी चमचा दाखवला. बाबा म्हणाले, "च... च..." एक्सप्रेसनं दात दाबून धरले. एवढंच जमलं. "चमचा, बाबा, चमचा! कालच तर आला होता!"

फट्! मॅडम गायब.

ती उठलीच होती, पण तंत्रज्ञाचं बोलणं आठवलं. पळायच्या ऐवजी ती तिथल्या तिथे खाली वाकली. दिवा बंद होता. आणि बोर्डच्या बटणावरून बाबांच्या डाव्या पायाचा अंगठा हळूच मागे सरकत होता.

"बाबा!"

अंगठा जागच्या जागी थिजला.

"तुम्ही? इतके दिवस तुम्ही? अहो, मी त्या कंपनीच्या पोरीला काय काय बोलले! मॅडम सोडून चालल्यात, आणि तुम्ही..." तिचा आवाज फाटला. "तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का?"

आजार म्हशीला आणि औषध पखालीला! इतके दिवस ती हॉलमध्ये राउटरचे कान पिळत होती, आणि तेवढ्यात बाबा इथे अंगठ्यानं बटण पुन्हा चालू करून ठेवत होते.

बाबांचा चेहरा लाल झाला होता. चोरी पकडली गेल्याची लाज होती, पण नुसती लाज नव्हती. त्यांनी डावा हात वर केला, तिला गप्प राहण्याची खूण केली आणि तोंड उघडलं.

"म... म..."

मॅडम, हा शब्द तिच्या जिभेवर आलाच होता. की माफ कर? तिनं ओठ इतके घट्ट मिटले की दुखायला लागले. बाबांचा गळा वर खाली होत होता. किती वेळ गेला कोण जाणे. बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं, पावलं लांब गेली. ती जमिनीवर तशीच उकिडवी बसून राहिली.

"म... ला," बाबा म्हणाले. मग पुन्हा दम घेतला. "मला... बोलू... दे."

आजारानंतरचं त्यांचं हे पहिलं पुरं वाक्य. तिला हुंदका आला आणि तोही तिनं गिळला, न जाणो, मध्येच काही बोलून बसायची.

तिनं खाली बघितलं. बाबांनी अंगठ्यानं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. ती उठली, बाहेर आली, दार लोटलं आणि हॉलमध्ये चपलांच्या कपाटाला टेकून बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. नाहीतर हे हात काय करतील, याचा भरवसा नव्हता.

आतून मॅडमचा आवाज आला. "आलात का? छान. आज शेजारी मुलगी दिसत नाही?"

डोक्यावर राउटरचे दिवे लुकलुकत होते. तिनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"एक..." बाबा म्हणाले. "एक... एक्स..."

तिचे ओठ हलले. आवाज मात्र तिनं बाहेर पडू दिला नाही.

"एक्सप्रेस," बाबा म्हणाले. आणि मग तोच जुना, स्टेशनातला, सगळ्यांना बाकावर बसवणारा सूर. "थोडी... उशिरा... येईल."