वेदश्रीच्या डबीतले दात

आमची वेदश्री, माझ्या लेकाची मुलगी, मी महिनाभर बघत होते, जेवायच्या आधी मोरीत जायची, कडी लावायची, आणि तोंड पुसत बाहेर यायची. बोलणंही बदललेलं, जड. तेवीस वर्षांची, बँकेत नोकरी करणारी मुलगी तोंडात काहीतरी धरून बोलते म्हणजे काय समजायचं? तंबाखूच की. माझा चुलतदीर असाच बोलायचा. एकदा शिंकला तर समोरची पांढरी गाय आठ दिवस तांबडी होती.

एके दिवशी जेवून ती फोनवर बोलत गच्चीवर गेली, आणि मोरीतल्या फळीवर मला डबी सापडली. उघडली. आत तंबाखू नव्हता, दात होते. आरपार दिसणारे, वरचे अख्खे.

माझी कवळी बसली ती साठीनंतर. ह्या पोरीचे दात तेविशीतच गेले, आणि घरात सांगायची चोरी! पण तोंडातली वस्तू अशी उष्टी ठेवलेली मला चालत नाही. पाणी खळखळ उकळलं, दात त्यात बुडवले, पुसून परत डबीत.

खाली येऊन ती घालायला गेली तर बसेनात. तळलेल्या पापडासारखे वाकडे झालेले. कुणी हात लावला म्हणाली. मी सांगितलं, आंब्यावरचं माकड आलं होतं, दात लावून आरशात हसलं देखील.

ती स्वयंपाकघरात जाऊन आली. "आज्जी, आणि पाणीही माकडानंच उकळलं का? भांडं अजून गरम आहे."

मग कळलं. दात तिचे सगळे जागेवर. पुढचे दोन जरा बाहेर आलेले, ते ह्या साच्यानं हळूहळू आत घ्यायचे. फोटोत तोंड मिटून बसायचा तिला कंटाळा आला होता. साचा नसला तर दात परत बाहेर सरकणार. मला का नाही सांगितलंस, म्हटलं.

"तुला सांगितलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या विद्यानगरात माझ्या दातांचे हत्तीचे सुळे होतात."

खोटं नव्हतं. कोप्पीकर रोडवरच्या डॉक्टरीणबाईंनी नवा येईपर्यंत ह्याच्या आधीचा, जपून ठेवलेला साचा घालायला लावला. कुणाला सांगायचं नाही, अशी वेदश्रीनं मला शपथ घातली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या यमुनाक्का आल्या. त्यांनी पोरीला दवाखान्याच्या जिन्यात बघितलेलं. दाताच्या डॉक्टरकडे कशाला गेली होती, असं विचारताना नजर अशी, की बाईंच्या पोटात आधीच चार गोष्टी तयार. मी म्हटलं, चिवड्यात खडा आला, बोराएवढा. त्यांनी डोळे बारीक केले. मग मी खडा नारळाएवढा केला. दाताखाली फुटला तेव्हा गल्लीतली कुत्री पळाली, म्हटलं.

आतून वेदश्री म्हणाली, "आज्जी, खडा थोडा लहान कर."